दोनापावलचं पाणी आणि मिथेनॉलवर जगणारे जिवाणू

(दृश्य: पहाट. गोव्यातल्या दोनापावलची जेटी. काचेच्या बाटलीत भरलेलं समुद्राचं पाणी.)

हे पाणी या जेटीखालचं. मांडवी आणि जुवारी यांच्या मुखांमधलं हे टोक. वर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. बाटलीत पाणी नितळ दिसतंय. पण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात जिवाणू लाखांनी असतात, आणि त्यांतल्या काहींचं पोट मिथेनॉलवर चालतं.

विषारी दारूत माणसाची दृष्टी घालवणारं, तेच हे मिथेनॉल. समुद्रात ते सूक्ष्म शैवालं सोडतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, एवढंच. त्यावर जगायचं तर ते तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हवं. या जिवाणूंचे किती प्रकार आहेत, ते या विकराच्या जनुकांतून कळतं.

(दृश्य: प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे ठिपके.)

एका जनुकाचं नाव एमएक्सएएफ. त्याचं विकर कॅल्शियमवर चालतं. कित्येक वर्षं संशोधक समुद्राच्या पाण्यातून डीएनए काढून हेच जनुक शोधत राहिले. त्याचंच एक भावंड होतं, एक्सओएक्सएफ. पण त्याचं काम काय, ते उमगत नव्हतं. २०११ पासून उलगडा होत गेला. त्याला कॅल्शियम नको, लँथॅनम, सिरियम अशी ‘दुर्मीळ मृदा’ गटातली मूलद्रव्यं हवीत. जिवाणू वाढवायच्या खाद्यात ती कोणी घालतच नव्हतं! इटलीतल्या ज्वालामुखीच्या चिखलातला एक जिवाणू तर त्यांच्याशिवाय वाढेचना. ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. मग किनाऱ्यालगतच्या समुद्रांत हे भावंड शोधलं, तर ते ठिकठिकाणी निघालं.

मिथेनॉल नेमकं कोण खातं, हे ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं मिथेनॉल पाण्यात घालायचं. जो खातो, त्याचा डीएनए जड होतो. प्रचंड वेगाने फिरवला की तो नळीत खालच्या थरात उतरतो.

मिथेनॉल खाणाऱ्यांपैकी मिथायलोफॅगा नावाचे जिवाणू प्रयोगशाळेत सहज वाढतात. ओएम४३ कुळातले मात्र सहजी दाद देत नाहीत. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर मिळालेल्या त्यांच्यातल्या एकाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, अवघा १३ लाख अक्षरांचा; आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा सुमारे ४६ लाखांचा. इतक्या कमी सामानात समुद्रात स्वतंत्र संसार!

(दृश्य: कांदोळीसमोरचा समुद्र. होडी.)

पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथे तळाकडचं पाणी प्राणवायूला मुकतं. संस्थेचे संशोधक वर्षानुवर्षं इथले नमुने घेत आलेत. त्या गुदमरलेल्या पाण्यात मिथेनॉल खाणारी कुठली कुळं तग धरतात, ते अशाच बाटल्यांतल्या डीएनएत वाचायचं.

(दृश्य: बाटलीला बूच लावणारे हात. होडीचं इंजिन सुरू होतं.)