कुर्ल्याची पद्मिनी, नाशिकची थार

या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या मागे आहे. म्हणून पुढची सीट सलग, आणि ड्रायव्हरशेजारी दोघं सहज मावायची. ही प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११००वरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली. नाव बदललं, तरी मुंबईनं तिला फियाटच म्हटलं.

बॉनेट उघडू या. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सगळं हाताशी. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापायचं, पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि ती पंपाला ओढवत नसे. गाडी बंद! ड्रायव्हर निमूट उतरायचा, फडकं भिजवून पंपावर ठेवायचा. पंप निवला की गाडी पुन्हा चालू. या गाडीनं हजारो ड्रायव्हरांना अर्धं मेकॅनिक केलं, आणि माझ्या लेखी तिची खरी थोरवी हीच.

आता ही महिंद्रा थार. २०२० साली नव्या रूपात आलेली, नाशिकला बनणारी. घराणं मात्र हिचंही मुंबईचं: महिंद्रानं १९४७ मध्ये तिथंच विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती.

फरक कळतो तो चिखलात. पद्मिनीची ओढ फक्त मागच्या चाकांना. त्यातलं एक घसरलं, की सगळं फिरणं तिकडेच जातं. दुसरं चाक जागच्या जागी. चारही चाकांना ओढ देणाऱ्या थारमध्ये गिअरशेजारचा छोटा दांडा ‘फोर-लो’वर टाका. पुढची चाकंही ओढू लागतात, वेग उतरतो, जोर वाढतो, आणि गाडी सावकाश वर येते. पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा असल्यानं दगडही सहसा लागत नाही.

सुरक्षिततेत तर तुलनाच नको. गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत थारला पाचपैकी चार तारे मिळाले. पद्मिनीत एअरबॅगही नव्हती. पण बारीक खांबांच्या पद्मिनीतून चहूकडे जसं लख्ख दिसतं, तसं थारमधून दिसत नाही. आणि दारातली ती तिकोनी काच! जरा तिरकी केली की वारा थेट तोंडावर.

ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. एखादी तरी जपायलाच हवी, आणि तीही काचेमागे नको. चालती ठेवा. कार्ब्युरेटर खोलून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, साफ करणारे मिस्त्री अजून आहेत, तोवर त्यांच्या हाताखाली दोन पोरं तयार करा.