वारोशाची झाडं आणि वारोशाची माणसं

मंडळी, वारोशाची छायाचित्रं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. निळाशार समुद्र, वाळूला लागून उंच हॉटेलांची रांग आणि त्या रांगेतल्या खिडक्यांना काचाच नाहीत. सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता नावाचं जुनं बंदर आहे. त्याच्या तटबंदीच्या दक्षिणेला पसरलेली ही वस्ती. १९७०च्या आसपास सायप्रसला जाणारा पर्यटक आधी इथे यायचा. एलिझाबेथ टेलर, रिचर्ड बर्टन, ब्रिजित बार्दो ही मंडळी इथे उतरायची. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या केनेडी मार्गावर हॉटेलं इतकी दाटीनं उभी राहिली, की दुपार कलली की त्यांची सावली वाळूवर पडायची.

मग १९७४ उजाडलं. ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं १५ जुलैला सायप्रसमध्ये बंड झालं. तिथल्या तुर्की सायप्रियटांच्या, म्हणजे बेटावरच्या तुर्की भाषकांच्या, रक्षणाचं कारण देत २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं, १४ ऑगस्टला दुसरी चढाई झाली आणि दोन दिवसांत फामागुस्ता पडलं. वारोशातली बहुतेक माणसं ग्रीक सायप्रियट, म्हणजे बेटावरची ग्रीक भाषक. चार दिवसांत परत येऊ, अशा समजुतीनं ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. तुर्की सैन्यानं वस्तीला कुंपण घातलं. तेव्हापासून बेट दुभंगलेलं आहे: उत्तर तुर्की सायप्रियटांकडे, दक्षिण ग्रीक सायप्रियटांकडे. त्या काळात तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व एका भारतीयाकडे होतं, लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्याकडे. त्याआधी हेच पद सांभाळत असताना भारताचे माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांचा १९६५ साली सायप्रसमध्येच मृत्यू झाला. आपल्याकडे हे फारसं कुणाला आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

८ ऑक्टोबर २०२०ला उत्तरेकडच्या तुर्की सायप्रियट प्रशासनानं या वस्तीचा काही भाग लोकांसाठी खुला केला. मी त्यानंतर गेलो. आत डांबरी रस्ता नवा केलाय, भाड्यानं सायकली मिळतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोर बांधलेत आणि दोराच्या पलीकडे जायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरची ग्रीक अक्षरं अजून वाचता येतात. कोकणातलं बंद घर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथल्या भिंती बघून नवल वाटणार नाही. खारा वारा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आतल्या सळ्यांपर्यंत पोचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो. सज्जे आधी खाली येतात. छप्पर गळायला लागलं की भेगांमध्ये पाणी मुरतं, धूळ साठते आणि त्यात बी रुजतं.

आणि काय काय रुजलंय म्हणता! जिन्यातून वर आलेलं अंजीर, निवडुंगाची रानं, पूर्ण दुमजली घर झाकून टाकणारी बोगनवेल. इथे मला थांबायचंय. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, फड्या निवडुंग मेक्सिकोकडचा. ती काही आपल्या पायांनी सायप्रसला चालत आली नाहीत. कुणीतरी ती लावली, पाणी घातलं, फाटकावर चढवली. त्यामुळे 'जंगलानं गाव परत घेतलं' हे वर्णन मला पटत नाही. तिथे जे माजलंय त्यातलं बरंचसं त्याच लोकांच्या अंगणातलं आहे. घरमालक गेले, त्यांनी लावलेली झाडं मात्र वाढत राहिली.

अर्थात समुद्राच्या बाजूला खरोखर काही मोकळं झालं. सायप्रसच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवांच्या दोन जाती अंडी घालतात आणि वारोशाच्या निर्मनुष्य वाळूतही कासवं येऊ लागली. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे धावतात. हॉटेलांचे दिवे लागलेले असले की त्यांची दिशा चुकते. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला आपण जातो, त्यामुळे काळोख्या किनाऱ्याचं मोल इथे वेगळं सांगायला नको. वारोशाचं पुढे काहीही ठरलं तरी हा किनारा सांभाळला जावा, असं मला मनापासून वाटतं.

पण ठरायचं कुणी? सुरक्षा परिषदेच्या १९८४च्या ५५० क्रमांकाच्या ठरावानुसार मूळ रहिवाशांखेरीज इतर कुणाला तिथे वसवणं मान्य नाही. २००४च्या अन्नान योजनेत, म्हणजे बेट पुन्हा एक करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मांडलेल्या योजनेत, वारोशा ग्रीक सायप्रियटांना परत देण्याची तरतूद होती. सार्वमतात तुर्की सायप्रियटांनी योजनेला होकार दिला, ग्रीक सायप्रियटांनी मोठ्या बहुमतानं नकार दिला. २०२०मध्ये वस्ती एकतर्फी खुली केली तेव्हा कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याचा निषेध केला. ते खुलं करणं मलाही चुकीचं वाटतं. हे माझं मत मी तिथे स्वतः फिरून आल्यावरही बदललेलं नाही, उलट पक्कं झालंय. ज्याचं घर आहे त्यानं दोराच्या अलीकडे उभं राहून ते बघायचं आणि परक्यानं त्याच्यापुढे फोटो काढायचे, हे दृश्य मी तिथे पाहिलं.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर दक्षिणेकडच्या लार्नाका विमानतळावर उतरा. उत्तरेकडून बेटावर शिरणं सायप्रसचं सरकार बेकायदा मानतं. वारोशात जाण्याआधी दक्षिणेकडच्या डेरिनिया गावात थांबा. तिथून दुर्बिणीतून ही हॉटेलं दिसतात. विस्थापितांपैकी बरेच जण त्याच परिसरात राहिले, त्यांची मुलं-नातवंडंही तिथे भेटतील. घर कुठल्या रस्त्यावर होतं, अंगणात काय लावलं होतं, हे त्यांना विचारा आणि मगच पलीकडे जा.