ग्लोबल वॉर्मिंगची सगळी उष्णता जाते कुठे? समुद्रात!

नमस्कार मंडळी! ग्लोबल वॉर्मिंग म्हटलं की आपण लगेच हवेवर येतो, ऊन किती वाढलंय, उकाडा सहन होत नाही वगैरे वगैरे. पण या सगळ्या भानगडीत हवेचा वाटा अगदीच किरकोळ आहे. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून आपण जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर अडकवून ठेवलीय ना, त्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळलीय.

बरं, समुद्र तापला की काय होतं? एक तर पाणी प्रसरण पावतं, शाळेत शिकलोय आपण हे, आणि नुसत्या या फुगण्यानेसुद्धा पातळी वाढते. वर ग्रीनलँड, अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वितळून येतो तो वेगळाच. आर्क्टिकमधल्या तरंगत्या बर्फाने मात्र पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण तो आधीच पाण्यात आहे. पण म्हणून तो गेला तर गेला असं नाही हां, पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं, म्हणजे अजून तापणार आणि अजून वितळणार.

आता खरी गोष्ट प्रवाळाची, म्हणजे कोरलची. बघायला दगड वाटतो पण ते जिवंत प्राणी असतात, बहुतेक जातींत एकेक जण जेमतेम काही मिलिमीटरचा, आणि त्यांच्या अंगात राहतं सूक्ष्म शेवाळ. ते उन्हावर अन्न बनवतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं आणि प्रवाळाचा रंगही बराचसा त्याच्यामुळेच. आता पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा फक्त १ अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर या शेवाळातून घातक रसायनं बाहेर पडायला लागतात आणि प्रवाळ त्याला सरळ हाकलून देतो. मग उरतं पारदर्शक अंग, त्यातून आतला पांढराफटक सांगाडा दिसतो, हेच ते ब्लीचिंग. लगेच मरत नाही बरं का तो, उपाशी असतो, पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं. पण वेळ मिळतोय कुठे? ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोठं ब्लीचिंग झालं २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ ला, मधलं अंतर बघा, आणि भराभर वाढणाऱ्या जातींनासुद्धा सावरायला १० एक वर्षं तरी लागतात. समुद्रातल्या साधारण पाव जाती या प्रवाळांच्या आसऱ्याने जगतात, त्यांचं काय ते तुम्हीच ठरवा.

तिथल्याच हिरव्या समुद्री कासवांचं तर अजब आहे. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, साधारण २९ अंशांच्या आसपास निम्मे निम्मे, त्याच्या वर गेलं की माद्याच माद्या. २०१८ च्या एका अभ्यासात रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या, अजून वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या!

आता कोणी तरी कमेंटमध्ये लिहिणारच, की समुद्राने एवढी उष्णता घेतली ते बरंच झालं की. हो, हवा वाचली थोडी. पण खोल पाण्यात गेलेली उष्णता पटकन बाहेर येत नाही, त्यामुळे उद्या सगळा धूर बंद केला तरी समुद्राची पातळी पुढची कित्येक शतकं वाढतच राहणार, फक्त किती वाढणार हे अजून आपल्या हातात आहे.