पाठीवरचे वळ

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनापूर्वी ४९५ची गोष्ट. रोमच्या भर चौकात, ज्याला ते फोरम म्हणत, एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगावर मळलेली लक्तरं, दाढी-केस वाढलेले, हाडांचा नुसता सापळा. तरीही लोकांनी ओळखलं. हा तर शंभर सैनिकांचा नायक होता! लोक जमले. म्हाताऱ्यानं छातीवरच्या लढाईतल्या जखमा दाखवल्या आणि आपली कहाणी सांगितली. तो सॅबाइन लोकांशी लढत असताना शत्रूनं त्याचं शेत लुटलं, घर जाळलं, गुरं हाकून नेली. त्यातच सरकारनं पट्टी बसवली. कर्ज काढलं, व्याज वाढत गेलं. आधी आज्यापासून चालत आलेली जमीन गेली, मग उरलंसुरलं किडूकमिडूक गेलं आणि शेवटी सावकारानं त्यालाच धरून नेलं. एवढं सांगून त्यानं पाठ फिरवली. पाठीवर चाबकाचे ताजे वळ होते.

छातीवर शत्रूनं केलेल्या जखमा आणि पाठीवर आपल्याच माणसानं उठवलेले वळ. सुरुवातीच्या रोमचा सगळा झगडा मला या एका देहावर दिसतो.

हा प्रसंग इतिहासकार लिव्हीनं लिहून ठेवला आहे. तो या घटनेनंतर चारशेहून अधिक वर्षांनी होऊन गेला. गॉल लोकांनी रोम जाळलं तेव्हा जुनी दप्तरं बहुतेक नष्ट झाली, हे त्यानंच मोकळेपणानं सांगितलंय. तेव्हा अक्षरन् अक्षर खरं धरू नये. पण कर्जापायी नागरिकाला बांधून ठेवायची रीत रोममध्ये खरोखर होती. तिला ‘नेक्सम’ म्हणत.

त्या वेळी राजाला हाकलून जेमतेम चौदा वर्षं झाली होती. परंपरा सांगते की, इ.स.पू. ५०९मध्ये शेवटचा राजा, गर्विष्ठ टार्क्विनियस, गेला आणि त्याच्या जागी दरसाल दोन कॉन्सल निवडले जाऊ लागले. सत्ता एकाच्या हाती राहू नये म्हणून दोघे, आणि एकाचा हुकूम दुसऱ्याला अडवता येई. कल्पना सुंदर होती. पण कॉन्सल व्हायचे ते पॅट्रिशियन, म्हणजे जुन्या खानदानी घराण्यांतले. बाकीची रयत, शेतकरी, कारागीर, व्यापारी, ते प्लेबियन. मतदान होतं, पण ते माणशी नव्हे. लोकांचे संपत्तीप्रमाणे १९३ गट पाडले होते आणि दर गटाला एकच मत. घोडेस्वार आणि सर्वांत श्रीमंत वर्ग मिळून ९८ गट व्हायचे. म्हणजे श्रीमंतांचं एकमत झालं की निकाल लागला! ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्या सगळ्यांना मिळून एक गट.

त्या म्हाताऱ्याला पाहून शहर पेटलं. नेमका तेव्हाच व्होल्शियन लोक चालून आले. कॉन्सल सर्व्हिलियसनं जाहीर केलं, की जो लढायला येईल त्याला कोणी बांधून ठेवणार नाही आणि तो छावणीत असेतो त्याच्या घरादाराला हात लावणार नाही. लोक गेले, लढले, जिंकून आले. आणि परत येताच दुसरा कॉन्सल अपियस क्लॉडियस यानं कर्जाचे खटले पहिल्याहून कडक चालवले.

पुढच्या वर्षी प्लेबियनांनी जे केलं, त्याला माझ्या मते जगाच्या इतिहासात फार वरचं स्थान आहे. त्यांनी दंगल केली नाही. ते उठले आणि शहराबाहेर तीन मैलांवरच्या एका टेकडीवर जाऊन बसले. खंदक खणला, कुंपण घातलं आणि राहिले. लिव्ही सांगतो, त्यांचा कोणी पुढारी नव्हता आणि पोटापुरत्या धान्याशिवाय त्यांनी कशाला हात लावला नाही. पण फौज म्हणजे तेच लोक. तेच गेल्यावर शहर राखणार कोण?

समजूत घालायला मेनेनियस अग्रिपा गेला. त्यानं गोष्ट सांगितली: हातापायांनी पोटाशी असहकार केला, पोट उपाशी राहिलं आणि हातपायच गळाले. गोष्ट हुशारीची आहे, पण नुसत्या गोष्टीवर लोक उतरले असतील हे मला पटत नाही. ते ट्रिब्यून घेऊन खाली उतरले. ट्रिब्यून म्हणजे रयतेनं आपल्यातून निवडलेला रक्षक. पुढे त्यांची संख्या १० झाली. कॉन्सलनं कोणाला धरलं तर ट्रिब्यूननं मध्ये पडायचं आणि म्हणायचं, मी हे होऊ देत नाही. ‘व्हेटो’ हा शब्द तिथला. त्याच्या अंगाला कोणी हात लावला तर त्याचा जीव घ्यायची शपथ लोकांनी घेतली होती. आणि ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवावं लागे.

मग मागणी आली लेखी कायद्याची. इ.स.पू. ४५१-४५०मध्ये बारा पाट्यांवर कायदे लिहून चौकात लावले गेले. त्यांतलं कर्जाचं कलम ऐका. कर्ज कबूल झाल्यावर ३० दिवसांची मुदत. नंतर धनकोनं ऋणकोला घरी नेऊन बांधावं. बेडीचं वजन पंधरा रोमन पौंड, म्हणजे सुमारे पाच किलो, असं तेही ठरवलेलं. रोज एक पौंड धान्य द्यावं. असे ६० दिवस. या काळात त्याला ओळीनं तीन बाजारांच्या दिवशी चौकात आणून रक्कम पुकारावी. रोमचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा. कोणी सोडवलं नाही, तर टायबर नदीपलीकडे विकून टाकावं. कायदा क्रूरच होता. पण आता बेडीचं वजन सावकाराच्या मर्जीवर नव्हतं, ते चौकात लिहिलेलं होतं.

त्याच पाट्यांवर पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी होती. ती ४४५मध्ये उठली. ३६६मध्ये लुसियस सेक्स्टियस हा पहिला प्लेबियन कॉन्सल झाला. पण कर्जाची बेडी तशीच राहिली. दरम्यान रोमनं व्हेयी शहर जिंकलं आणि तिथली माणसं गुलाम म्हणून विकली. अशा विजयांतून श्रीमंतांना राबायला दुसरे हात मिळत गेले आणि नागरिकांना बांधून ठेवायची गरज कमी झाली, असं मला वाटतं.

आणि मग लिव्हीच्या पानांवर दुसरी पाठ येते. साल इ.स.पू. ३२६. बापाच्या कर्जापायी एका तरुणानं स्वतःला बांधून दिलं होतं. सावकारानं त्याच्यावर वाईट नजर टाकली, तो बधेना म्हणून नागवं करून फटके मारले. पोरगा तसाच रस्त्यावर पळत आला. गर्दी जमली, ती सेनेटच्या दाराशी गेली. सभासद आत जाऊ लागले तसे लोक एकेकाच्या पायाशी पडून त्या पोराची फाटलेली पाठ दाखवू लागले.

कॉन्सलना कायदा मांडायचा हुकूम झाला. यापुढे कर्जापोटी ऋणकोचा माल तारण राहील, त्याचं शरीर नाही. आणि जे बांधलेले होते, त्यांना सोडण्यात आलं.