बाटली डब्याशेजारी

(दृश्य: बर्लिन, वॉर्शाउअर पूल. जुलैतली शनिवार संध्याकाळ.)

नऊ वाजून गेलेत, पण उजेड अजून रेंगाळतोय. पुलाखालून लोकल जातायत, पुलावर कोणीतरी गिटार छेडतंय आणि पोरंपोरी हातात बिअरच्या बाटल्या घेऊन उभी आहेत. रस्त्यावर पिण्याला इथे कुणी हरकत घेत नाही.

निळ्या जॅकेटवाल्या त्या मुलाकडे बघा. त्याची बाटली संपली. नारिंगी कचऱ्याचा डबा हाताच्या अंतरावर आहे, पण त्याने बाटली डब्यात टाकली नाही. खाली वाकला आणि डब्याच्या बुडाशी नीट उभी करून ठेवली.

हा बेशिस्तपणा नाही. ती बाटली कुणासाठी तरी ठेवलेली आहे.

आपल्याकडे सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट असायचं ना, तीच ही गोष्ट. इथे त्याला ‘फांड’ म्हणतात. काचेच्या बिअर बाटलीवर 8 सेंट. कॅन आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट. कॅन आणि एकदाच वापरायच्या बाटल्यांवरची ही सक्ती 2003 पासूनची. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राला द्यायची, यंत्र चिठ्ठी देतं, चिठ्ठी काउंटरवर दाखवून पैसे घ्यायचे. कॅन चेपला तर यंत्राला त्यावरची खूण वाचता येत नाही, ते परत करतं. म्हणून गोळा करणारी माणसं कॅन फार जपून हाताळतात.

(दृश्य: टॉर्चचा प्रकाश. एक हात डब्यात. चेहरा दिसत नाही.)

या बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. इस्त्रीचा शर्ट, हातमोजे, चाकांची बॅग. चेहरा आम्ही टिपला नाही आणि त्यांची कहाणीही विचारली नाही. त्या आल्या, डब्याशेजारच्या चार बाटल्या उचलल्या आणि पुढच्या डब्याकडे गेल्या. मिळाले 32 सेंट.

हिशेब करून बघू. 2025 साली जर्मनीत किमान वेतन ताशी 12 युरो 82 सेंट. तेवढे पैसे फांडमधून मिळवायचे तर 52 कॅन लागतील. नुसत्या बिअरच्या बाटल्या असतील तर 161. रिकामी झाली तरी काच ती काचच. 161 बाटल्यांची पिशवी उचलून जिना चढून बघा एकदा.

आणि हा देश युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आहे.

2013 च्या एप्रिलमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने एक पाहणी जाहीर केली, तेव्हा जर्मन वर्तमानपत्रांत नुसता गदारोळ उडाला. घराघरांत जाऊन विचारलं होतं: मालमत्ता किती, कर्ज किती? सगळी घरं संपत्तीप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या जर्मन घराकडे 51,400 युरो निघाले. पाहणी झालेल्या युरोवाल्या देशांत सर्वांत कमी. ग्रीसमधल्या मधल्या घराकडे याच्या जवळजवळ दुप्पट. सायप्रसमध्ये तर अडीच लाखांवर, आणि त्याच सायप्रसला वाचवायला युरोपने आदल्याच महिन्यात मदत मंजूर केलेली. जर्मन करदात्याची चिडचिड झाली नसती तरच नवल.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. मधलं घर सोडा, सरासरी काढा. ती 1,95,200 युरो. मधल्या घराच्या जवळपास चौपट. पैसा देशात होता, रांगेच्या मधोमध नव्हता.

कारण मुख्यतः घरात सापडतं. निम्म्याहून जास्त जर्मन भाड्याने राहतात. युद्धात शहरं जमीनदोस्त झाली, नंतर सरकारी मदतीने भाड्याची घरं उभी राहिली, भाडेकरूला कायद्याने भक्कम संरक्षण मिळालं. मग घर घ्यायची घाई कुणाला? आपल्याकडे हे कुणाला पटणार नाही. पन्नाशीला आलेला माणूस भाड्याने राहतो म्हटलं की नातेवाईक हळूच चौकशी करतात. इथे प्राध्यापकही आयुष्यभर भाड्याने राहतो आणि मजेत राहतो. सरकारी पेन्शनचा हक्क त्या पाहणीत संपत्ती म्हणून धरला नव्हता, हेही सांगायला हवं. भाडं आवाक्यात आणि पेन्शन पुरेशी, तोवर स्वतःचं घर नसल्याने काही अडत नाही.

(दृश्य: जिन्यातल्या टपालपेट्या. घंटेच्या बटणांवर आडनावं.)

पेन्शन पुरेशी कुणाची, हा खरा प्रश्न. 1958 पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून, अर्धं अर्धं वाटून कर लावायची पद्धत आहे. एकाचा पगार मोठा आणि दुसऱ्याचा अगदी लहान असेल तर बचत सगळ्यात जास्त. त्यात ‘मिनिजॉब’. 2025 मध्ये महिना 556 युरोपर्यंतचं काम. घरात हिशेब व्हायचा: तू जास्त काम केलंस तर करातच जाईल, त्यापेक्षा मिनिजॉब कर. दुकानात, साफसफाईला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात बायका वर्षानुवर्षं अशाच राबल्या. महिन्याचा हिशेब बिनचूक होता. पण 2013 पर्यंत मिनिजॉबमध्ये स्वतःहून सांगितल्याशिवाय पेन्शनची पूर्ण वर्गणी भरली जात नसे. किमान वेतनाचा कायदाही 2015 चा, तेव्हा ताशी साडेआठ युरो होते. त्याआधी काही धंद्यांत याहून बरंच कमी चालायचं.

जर्मनीत गरिबीची रेषा माणसामागे नाही, घरामागे मोजतात. एकट्या माणसासाठी 2024 मध्ये ती होती कर जाऊन महिना 1,378 युरो. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं असतील तर 2,893. चार माणसं, पण चौपट नाही. दुपटीहून थोडंसं जास्त. एका छपराखाली राहणं स्वस्त पडतं. हेच गणित उलटं फिरतं जोडीदार गेल्यावर. भाडं तेच, हीटिंगचं बिल तेच, आणि घरात येणारे पैसे मात्र घटलेले.

सरकारी आधार आहे. पण त्यासाठी बँकेचं पासबुक काउंटरवर उघडून दाखवावं लागतं, आणि पुष्कळ म्हातारी माणसं अर्जच करत नाहीत. डब्यात हात घालायला टॉर्च आणि हातमोजे पुरतात.

(दृश्य: मध्यरात्र. पूल आता गच्च भरलेला.)

आठवड्यातला सुगीचा दिवस हाच. अडचण उद्याची. रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं कायद्याने बंद असतात, म्हणजे यंत्रंही बंद. आजच्या बाटल्या घरी न्यायच्या, जिन्यात खडखडाट होऊ न देता वर चढवायच्या आणि सोमवारपर्यंत मोरीत ठेवायच्या.

बाईंनी बॅगेतून जुना टॉवेल काढलाय. दोन बाटल्यांच्या मध्ये त्याची एकेक घडी.