तीच चूक, शिक्षा वेगळी

(दृश्य : ह्यूस्टन, टेक्सास. मालवाहू ट्रक.)

१९७० साली इथल्या एका मालवाहतूक कंपनीतल्या तीन कामगारांवर अँटिफ्रीझचे (गाडीच्या इंजिनातलं पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचे) ६० डबे लांबवल्याचा आरोप आला. दोघा गोऱ्यांना कामावरून काढलं. तिसरा कृष्णवर्णीय, त्याची नोकरी टिकली. गोरे कामगार कोर्टात गेले. १९७६चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला थरगूड मार्शल यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींनी. चोरीसाठी नोकरी जाऊ शकते, पण तो नियम सगळ्या वर्णांच्या माणसांना सारखाच लावायला हवा. १९६४चा नागरी हक्क कायदा गोऱ्यांनाही हेच संरक्षण देतो.

म्हणून ‘त्यानं चूक केली का?’ एवढं विचारून भागत नाही. तशीच चूक आणखी कुणी केली, आणि त्याचं काय झालं?

(दृश्य : सेंट लुईस, मिसूरी.)

सुटका जवळ आलेल्या कैद्यांच्या इथल्या सरकारी केंद्रात कृष्णवर्णीय हिक्स १९८० साली पाळीप्रमुख झाले. कामाबद्दल तक्रार नव्हती. १९८४मध्ये वरचे अधिकारी बदलले आणि काही महिन्यांत निलंबन, लेखी ताकीद, पदावनती, शेवटी बडतर्फी!

कारण दिलं नियमभंगाचं. पण हाताखालच्यांच्या चुकांसाठी शिक्षा झालेले पर्यवेक्षक एकटे हिक्सच होते. सहकाऱ्यांच्या तशाच, कधी त्याहून गंभीर चुकांकडे काणाडोळा झाला होता. हिक्स कोर्टात गेले. दिलेली कारणं खरी नाहीत, हे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनाही पटलं. तरी हिक्स हरले. त्यांना घालवायचा चंग बांधला होता हे मान्य, पण तो वर्णामुळेच, हे सिद्ध झालं नाही. वैर वैयक्तिकही असू शकतं, असं ठरलं. गंमत नव्हे, संताप यावा अशी गोष्ट म्हणजे वैयक्तिक वैराचं कारण अधिकाऱ्यांनी स्वतः पुढे केलंच नव्हतं. १९९३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं : मालकाचं कारण खोटं ठरलं, म्हणून कामगार आपोआप जिंकत नाही.

हा निकाल आम्हाला अन्यायाचा वाटतो. मेमो, चौकशीचे कागद, इतरांच्या शिक्षांच्या नोंदी, सगळं व्यवस्थापनाच्या कपाटात. मनातला हेतू तर कपाटातही सापडत नाही. तो कामगारानं सिद्ध करायचा कसा?

ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्यात वेगळी वाट आहे. भेदभाव झाला असा निष्कर्ष निघू शकेल, इतकी तथ्यं कामगारानं मांडली, की तो केला नाही हे मालकानं सिद्ध करायचं. जमलं नाही, तर दावा कामगाराच्या बाजूनं लागतो.