खिडकीची कडी

नमस्कार श्रोतेहो.

घरात वाढलेल्या माणसाला त्याचं लहानपण दुसरं कुणीतरी सांगत आलेलं असतं. तू उशिरा चालायला लागलास, तू अंधाराला फार भ्यायचीस. ऐकून ऐकूनच ती आठवण पक्की होते. अनाथाश्रमातल्या मुलाला हे सांगणार कोण? सांभाळणाऱ्या मावश्या पाळीपाळीने येतात, नोकरी सोडून जातात. मागे उरते एक फाइल. त्यात दाखल केल्याची तारीख, वजन, एखादी ओळ.

म्हणून आम्ही एकत्र वाढलेल्या मुली भेटलो की गप्पा मारता मारता एकमेकींकडून खात्री करून घेत असतो. रात्री खिडकीची कडी वाजायची, हा माझ्याच मनाचा खेळ असावा असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. मागच्या भेटीत एक जण आपणहून म्हणाली, "ती कडी आठवते? तू रडायचीस म्हणून मी तिच्यात चिंधी कोंबली होती." आवाज मला आठवत होता. तो कुणी थांबवला, हे पन्नाशी उलटल्यावर कळलं. किती वेळ मी तिचा हात धरून बसले होते.

सगळ्याच आठवणी अशा नसतात. काहींना फक्त मार आठवतो, ताटातूट झालेला भाऊ आठवतो. काही जणी भेटायला येतच नाहीत. त्यांना "जाऊ दे, विसर आता" असं कृपा करून कुणी म्हणू नका.

ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात सुमारे ५ लाख मुलं संस्थांमध्ये आणि परक्या घरांत वाढली. मोठेपणी ती बोलू लागली. त्यांचं म्हणणं ऐकून २००४ मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीने अहवाल दिला आणि १६ नोव्हेंबर २००९ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. पुढे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या.

तुम्हीही असे वाढला असाल, तर संस्थेकडे आपली फाइल मागून बघा. मात्र ती वाचताना जवळ कुणीतरी असू द्या. त्यातली एखादी ओळ फार लागते. आणि जुना फोटो असेल तर मागे नावं लिहून ठेवा, आजच. आमच्याकडे सगळ्यांचा मिळून एकच फोटो आहे. मागच्या रांगेतल्या दोघींची नावं अजून कुणालाच आठवत नाहीत. पुढच्या भेटीला मी तो पुन्हा घेऊन जाणार आहे.